तळहातावरचा अर्धा तास

हाताची रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे नकाशा धरून तळहातावरच्या ठरावीक जागा दाबत जाण्याची पद्धत, करायला बसणाऱ्याने सगळ्यात आधी स्वतःची नखं बघावीत. अंगठ्याचं नख मांसाच्या पुढे अर्धा मिलिमीटर जरी आलं, तरी दहाव्या मिनिटाला समोरच्याच्या तळहातावर बारीक चंद्रकोरी उमटलेल्या दिसतात. त्याला ते आधीपासून टोचत असतं, पण तो बोलत नाही. दाबतात म्हणजे दुखणारच, असं धरून हात आखडून बसतो. मग पुढची वीस मिनिटं कितीही चांगला हात चालवा, फुकट. नख कापल्यावर कानसीने कडा घासायच्या, आणि अंगठा मांसाच्या बाजूने डोळ्यांसमोर धरला की मागचं नख दिसता कामा नये. ही कापाकापी आदल्या रात्री करावी. ताज्या कापलेल्या नखाची कड त्या दिवशी करवतीसारखी लागते.

रिफ्लेक्सॉलॉजी म्हटलं की तळपाय आठवतो. पण गोव्यात जून ते सप्टेंबर पायांचं काम अवघडच असतं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राबणारा असो की नुसता बाजार करून आलेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, आणि चिखल्यांवर दाब देणं म्हणजे बुरशी एका बेचकीतून दुसरीत नेणं. शिवाय वयाने मोठ्या माणसाने आपल्या पायाला हात लावावा, हे पुष्कळांना रुचत नाही. काकी पाय साडीत ओढून घेतात. हाताला असला अडसर नसतो. बाही कोपरापर्यंत सरकवली की सुरुवात करता येते. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखल असलेल्या आईच्या उशाशी बसून मुलगीही हे करू शकते, सलाईन लावलेला हात तेवढा सोडायचा.

हाताची अडचण वेगळी आहे. तो पायापेक्षा लहान, सैल आणि चळवळ्या. एका हातात २७ हाडं, आणि दाब दिला की ती एकमेकांवरून सरकतात. दिवसभर शंभर वस्तू हाताळणाऱ्या हाताला स्पर्शाचं अप्रूपही नसतं. पायाच्या तळव्यावर बोट ठेवलं तरी माणूस सावध होतो, तळहाताला मात्र काहीतरी वेगळं चाललंय हे कळायला दोन-तीन मिनिटं जावी लागतात. ती दोन-तीन मिनिटं न देता थेट 'बिंदू' दाबायला घेणारेच बहुतेक ठिकाणी भेटतात.

आता नकाशाबद्दल. विल्यम फिट्झगेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरने १९१० च्या दशकात शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले, प्रत्येक बोटाच्या वाट्याला एक. १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी त्यावरून तळपायाचा बारीक नकाशा तयार केला. हाताचा नकाशा हा त्याच घरातला. बोटांची टोकं म्हणजे डोकं आणि सायनस, बोटांच्या मुळाशी डोळे-कान, त्याखालची मऊ गादी म्हणजे छाती, मधला खळगा म्हणजे जठर-मूत्रपिंडं, मनगटाकडचा जाड भाग म्हणजे आतडी, अंगठ्याची बाहेरची कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत उजव्या हातात, हृदय डाव्या हातात.

हा नकाशा लावलेल्या दुकानात त्याच भिंतीवर कोरियाच्या पार्क जे वू यांच्या सुजोकचा, म्हणजे हातापायांवरचे बिंदू दाबायच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, तक्ता टांगलेला असतो. त्यात अंगठा म्हणजे डोकं, मधली दोन बोटं म्हणजे पाय आणि कडेची दोन बोटं म्हणजे हात. म्हणजे एकच मधलं बोट एका तक्त्यात सायनस, दुसऱ्यात पाय. तळहातावरच्या ठिपक्याचा आतल्या अवयवाशी असा काही धागा आहे, याचा पुरावा मिळालेला नाही. एखादा आजार याने बरा होतो, असंही अभ्यासांतून ठामपणे पुढे आलेलं नाही. आपल्याकडे आयुषच्या पद्धतींतही रिफ्लेक्सॉलॉजी येत नाही. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावं. सांगितल्यावर कोणी उठून जात नाही. लोक येतात ते अर्धा तास कुणीतरी हात हातात घेऊन शांत बसवावं म्हणूनच.

मग नकाशा हवाच कशाला? हाताचा एकही कोपरा सुटू नये म्हणून. नकाशा न शिकता हात चोळणारा माणूस तळहाताच्या मध्यावर आणि अंगठ्याच्या गादीवरच घुटमळतो. करंगळीची बाहेरची कड, बोटांच्या बाजू, मनगटाची घडी यांच्याकडे तो फिरकत नाही, आणि दिवसभर मोबाइल नाहीतर स्कूटरचं हँडल धरून आवळलेला हात नेमका तिथेच आखडलेला असतो. आम्हीही 'जठराचा बिंदू' म्हणतो, पण ते गावातल्या वाड्याच्या नावासारखं. देऊळवाडा म्हटलं की कुठे वळायचं ते कळतं, तिथे प्रत्येक घरात देऊळ असावं लागत नाही.

बसवण्याआधी पाच मिनिटं विचारपूस. डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केलेला हात असेल तर त्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत काहीही करायचं नाही. त्या हातावर रक्तदाबाची पट्टीसुद्धा बांधत नाहीत, आपण कोण लागून गेलो? स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याची भीती असते. तोही डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दाब निम्मा, नाहीतर दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग. जुना मधुमेह असेल तर बोटांना संवेदना आहे का ते कापसाने स्पर्श करून बघावं. ज्याला दुखलेलं कळत नाही, त्याच्या सांगण्यावर दाब ठरवता येत नाही. संधिवाताने सांधे लाल आणि गरम असतील, ताप असेल, हाड नुकतं मोडलं असेल तर चहा पाजून परत पाठवावं. गरोदर बायांना आम्ही पहिले तीन महिने घेत नाही आणि नंतर नुसता हलका हात ठेवतो. यात पुराव्यापेक्षा सावधगिरीचा भाग जास्त आहे, हे मान्य.

बांगड्यांचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. चुडा भरलेली बाई काचेच्या बांगड्या उतरवणार नाही, आणि तिने उतरवाव्यात असं म्हणूही नये. बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधायचा, घट्ट नाही, नुसत्या खाली घसरणार नाहीत इतपत. हे न करता मनगट पिळलं तर काच फुटते आणि फुटलेली काच आपल्याच अंगठ्यात जाते. अंगठी निघत असेल तर काढून तिच्याच मालकाच्या खिशात ठेवायची, आपल्या टेबलावर नाही. निघत नसेल तर ओढायची नाही, त्या बोटाचा तेवढा भाग सोडायचा. देवाचा दोरा तसाच राहू द्यावा.

हात धुताना पाणी कोमट, साधारण ३७-३८ अंश. आपलेही हात त्याच पाण्यात धुवायचे, कारण गार हाताने पहिला स्पर्श झाला की समोरचा खांदे वर घेतो. मग उजेडात दोन्ही हात उलटसुलट बघायचे. मार्च ते मे काजूच्या दिवसांत हे बघणं टाळू नये. काजूच्या टरफलातलं तेल दाहक असतं, टरफल फोडणाऱ्यांच्या बोटांवर काळे डाग, फोड, सोललेली कातडी सापडते. फोडणाऱ्या बाया आधी राख किंवा तेल लावतात, तरीही ते पोचतंच. अशा तळहातावर दाब द्यायचा नाही, मागच्या बाजूने काम करायचं. भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याच्या तळहाताला आणि बोटांना घट्टे असतात, गणेशचवथीच्या आरत्यांत रोज घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्याच्या बोटांची टोकं ठणकत असतात. घट्ट्यावर जोर वाढवून उपयोग नसतो, आत काही पोचत नाही. घट्ट्याच्या कडेने जावं. आणि वाजवायला जायच्या दिवशी हाताला तेल लावू नये, बोट कातड्यावरून सुटतं.

बसण्याची मांडणी नीट झाली की निम्मं दुखणं टळतं, दोघांचंही. मधे अरुंद टेबल, त्यावर उशी, उशीवर टॉवेल. घेणाऱ्याचं कोपर उशीवर टेकलेलं, मनगट सरळ, हात आपल्या बेंबीच्या उंचीला. हात अधांतरी धरून काम केलं तर घेणारा स्वतःच्या हाताचं वजन स्वतःच पेलत राहतो आणि खांदा सैल पडत नाही. आपलं स्टूल त्याच्या खुर्चीपेक्षा दोन-तीन इंच उंच असेल तर दाब खांद्यातून उतरतो. समोरासमोर तंतोतंत बसू नये, थोडं तिरकं बसावं. अर्धा तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणं कुणालाच सोयीचं नसतं.

तेल आता नाही. नव्याने शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि खोबरेल हाताशी असल्यामुळे आपल्याकडे ती जास्तच होते. रिफ्लेक्सॉलॉजीत अंगठा कातडीला धरून पुढे सरकतो. तेलावर तो घसरतो, घसरू नये म्हणून माणूस जोर वाढवतो, आणि मग तो मालीशही राहत नाही, रिफ्लेक्सॉलॉजीही नाही. कोरडी पूड घ्यावी, मक्याचं पीठ चालतं. एका हाताला चहाच्या चमच्याचा पाव भाग पुरतो. पावसाळ्याच्या दमट हवेत घामेजलेल्या हातावर जास्त पूड टाकली तर तिच्या शेवया होतात आणि त्या चोळल्या गेल्या की कातडी खरखरते. आधी टॉवेलने नीट टिपावं, मग पूड. पंखा थेट हातावर नसावा. हात गार पडतात आणि पूड डोळ्यांत जाते.

पहिली दोन मिनिटं हात नुसता ओळखीचा करून घ्यायचा. दोन्ही तळव्यांमध्ये त्याचा हात धरून थांबायचं, मग मनगटाखाली एक हात ठेवून दुसऱ्याने पंजा हळूच डावी-उजवीकडे हलवायचा, मग दोन्ही अंगठे तळहाताच्या मध्यावर ठेवून कडेकडे उघडायचे, पुस्तक उघडल्यासारखे. याच दोन मिनिटांत कळतं की हात सोडलेला आहे की धरलेला. खालचा आधार अर्धा इंच काढून बघावा. हात आपणहून खाली आला तर माणूस सैल झाला आहे. हवेत तसाच राहिला तर अजून एक मिनिट द्यावं. 'सैल सोडा' असं सांगितलं की लोक आणखी ताठ होतात. त्यापेक्षा 'कोपर उशीवर टाका' हे सांगावं, ते कुणालाही जमतं.

त्यानंतर अंगठा चालवायचा. हीच या कामाची मुख्य क्रिया, आणि इथेच सगळं सुधारतं किंवा बिघडतं. अंगठ्याचं वरचं पेर वाकवायचं आणि किंचित सरळ करायचं. पुन्हा वाकवायचं. अळी चालते तसं. टेकतो तो अंगठ्याच्या टोकाचा बाहेरचा कोपरा, सपाट मांस नाही. प्रत्येक पाऊल दोन मिलिमीटरचं, कातडीवरून न उचलता. अंगठा नखाच्या दिशेनेच पुढे जातो, उलटा चालत नाही. ओळ संपली की उचलून पुन्हा खालून सुरू. जोर येतो पलीकडच्या चार बोटांतून, जी हाताच्या मागच्या बाजूला उलट दाब देऊन असतात. चिमट्यासारखी ही पकड नसेल तर सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर पडतो आणि सहा महिन्यांत आपलाच अंगठा कायमचा दुखायला लागतो. अंगठ्याचा सांधा मागे कमानीसारखा वाकताना दिसला की तिथेच थांबावं. पकड चुकली आहे.

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत साधारण दहा सेंटीमीटर. दोन मिलिमीटरच्या हिशोबाने पन्नास पावलं. सेकंदाला एक पाऊल धरलं तर एक ओळ पन्नास सेकंदांची, आणि पाच बोटांच्या पाच ओळी मिळून चार मिनिटांच्या थोडं वर. पहिल्यांदा करणाऱ्याची ओळ वीस सेकंदांत संपते. घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवून आठवडाभर सराव केला की अंगात भिनतं. एकसारखा संथ ठेका घेणाऱ्याला ओळखीचा झाला की पुढचं पाऊल कुठे पडणार हे त्याच्या हाताला आधी कळतं, आणि मग तो वाट बघणं सोडून देतो. वेग मधेच वाढला किंवा दोन पावलांत अंतर पडलं की तो जागा होतो.

दाब किती? शिकताना स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा आणि त्यावर अंगठा चालवून बघावा. आमच्या हिशोबाने हलका दाब अर्ध्या किलोचा, मधला एक ते दीड किलोचा, आणि दोन किलोच्या वर जायचं हातावर काही कारण पडत नाही. काट्यावर दीड किलो म्हणजे किती जास्त असतं, हे बघून पुष्कळ जण चकित होतात. ते तोवर तीन किलोने दाबत आलेले असतात. एक ते दहा असा आकडा विचारायची पद्धत सगळीकडे शिकवतात, पण काकींना तो विचारून फायदा नाही. कितीही दाबा, 'बरें आसा' असंच उत्तर येतं. त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघावं. उशीवर मोकळा पडलेला हात हळूहळू मुठीत जायला लागला की दाब जास्त झाला.

आता दुखऱ्या जागा. तक्ते शिकवणारे सांगतात की बिंदू दुखला म्हणजे त्या अवयवात बिघाड, आणि अंगठ्याखाली कचकच लागली म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे. कचकच लागते ती बहुतेक वेळा बोटं वाकवणाऱ्या स्नायुबंधांची आणि चरबीच्या लहान गाठोळ्यांची. ती चिरडून जात नाही, आणि ती चिरडायची खटपट करणाऱ्याने हात सुजवून ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत. दुखण्याचंही तसंच. नकाशाकडे जाण्याआधी हात काय सांगतोय ते बघावं.

बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेवर, 'डोळे-कान' यांच्या ओळीतच, वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागते कधीकधी. बोट वाकवून सरळ करायला सांगावं. मधेच अडकून टचकन सुटलं तर तो ट्रिगर फिंगर, स्नायुबंध त्याच्या नळीत अडकतो आहे. या गाठीवर डोळ्यांचा बिंदू समजून रोज दाबत राहिलं तर सूज वाढते आणि बोट सकाळी उघडतच नाही. नारळ खवणाऱ्या, कोयता चालवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हातांत हे असतंच असतं. अंगठ्याच्या बुडाशी मनगटाजवळ दुखतं ती जागा नकाशात कण्याच्या खालच्या टोकाची, म्हणून 'तुमची कंबर धरलेली दिसते' असं सांगून मोकळे होतात. पन्नाशीपुढच्या बाईची तिथे बहुधा अंगठ्याच्या सांध्याची झीज असते, कंबर दुखो न दुखो. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जाड कातडी दुखते ती मोबाइल धरून. मनगटाच्या घडीच्या वर, तळहाताच्या टाचेच्या मधोमध दाबल्यावर अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या आल्या तर तिथून मधली नस अरुंद बोगद्यातून जाते, हे लक्षात घेऊन अंगठा लगेच बाजूला घ्यायचा. रात्री मुंग्यांनी झोपमोड होते का, विचारायचं, आणि होत असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. तळहातात एखादी दोरी ताठ उभी राहिल्यासारखी लागून करंगळी किंवा अनामिका आत ओढली जात असेल तर तेही आपल्या हातातलं नाही.

दुखरी पण निरोगी जागा सापडली की काय करावं? अंगठा तिथे थांबवायचा, दाब जरा उतरवायचा, आणि वीस ते तीस सेकंद तसाच धरून ठेवायचं. गोल फिरवायचं नाही, त्याने कातडी पिळते. बहुतेक वेळा पंधराव्या सेकंदाच्या आसपास दुखणं बोथट होतं. झालं नाही तर जागा सोडून पुढे जायचं. एकाच जागेवर तीनदा परत येणारा अंगठा दुसऱ्या दिवशी डाग उठवतो.

बोटांना एकूण तीन मिनिटं. प्रत्येक बोटाच्या चारी बाजूंनी, मुळाकडून टोकाकडे, चिमटीत धरून चालत जायचं. बोटांत स्नायूंचं मांस जवळजवळ नाहीच, कातडीखाली लगेच स्नायुबंध आणि हाड, म्हणून दाब तळहाताच्या निम्मा. शेवटी बोट मुळाशी धरून हलकंच ओढत टोकापर्यंत यायचं. इथे हमखास मागणी येते, 'जरा कडाकडा मोडा की.' मोडायची नाहीत. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या हवेच्या पोकळीचा, त्याने काही मोकळं होत नाही, आणि संधिवाताच्या सांध्याला झटका महागात पडतो. बोटं मोडणं ही आपल्याकडे दृष्ट काढायची किंवा कुणाला शिव्याशाप द्यायची गोष्ट, तिथेच ती शोभते.

अंगठ्याच्या बाहेरच्या कडेने नखापासून मनगटापर्यंत एक ओळ, मनगटाच्या घडीवरून आडवी एक. ही आडवी ओळ बोटांनी चालवायची, अंगठ्याने नाही, कारण तिथे नाडी आणि नस दोन्ही वर आहेत.

मग छातीच्या गादीखाली, मधल्या बोटाच्या रेषेत, तळहाताचा खळगा. नकाशात हे सोलर प्लेक्ससचं, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातल्या मज्जातंतूंच्या जाळ्याचं, ठिकाण. अंगठा ठेवायचा आणि घेणाऱ्याच्या श्वासाकडे बघायचं. श्वास आत जाताना दाब थोडा वाढतो, बाहेर जाताना उतरतो. पहिले दोन श्वास त्याचे आहेत तसेच धरायचे, मग आपला दाब जरा सावकाश उतरवायचा. न सांगता त्याचा श्वास मागोमाग लांबतो. मिनिटाला सहाच्या आसपास आला की सहा श्वास धरून थांबायचं. या मिनिटातलं निम्मं काम अंगठ्यापेक्षा श्वासच करतो, हे कबूल करायला हरकत नाही.

उरलेली मिनिटं हाताच्या मागच्या बाजूची. पंजाच्या लांब हाडांमधल्या चार चरींतून बोटाच्या टोकाने हलकेच वर, आणि मग नुसता हात फिरवायचा. इथे वेग महत्त्वाचा. केसाळ कातडीत संथ स्पर्श ओळखणारे तंतू असतात आणि सेकंदाला तीन सेंटीमीटरच्या आसपासचा स्पर्श त्यांना सगळ्यात जास्त जागवतो. बोटांच्या गाठींपासून मनगटापर्यंत यायला तीन सेकंद, मनगटापासून कोपरापर्यंत आठ. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना हा वेग कुणी शिकवावा लागत नाही, माणसाच्या हातावर मात्र सगळे घाईत असतात.

आपलं काम लागू पडलं का, हे विचारून कळत नाही, हातावरूनच कळतं. बोटांची टोकं गरम झाली असतील, कारण ताण उतरला की बोटांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तळहाताचा घाम सुकलेला असेल. तिथला घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाने जास्त सुटतो, म्हणूनच परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिका ओलसर होते. आणि हात उचलून बघितला तर सुरुवातीपेक्षा जड लागेल. तिन्ही गोष्टी दिसल्या नाहीत तरी बिनसलं असं समजू नये. भूक लागलेला, लघवीला जायचं असलेला, किंवा बाहेर मुलगा स्कूटर घेऊन थांबलेला माणूस कितीही दाबलं तरी सैल होत नाही. त्याला आधी मोकळं करून आणावं.

डावा हात तसाच, पंधरा मिनिटं. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांचा डावा जरा मऊ असतो, तेव्हा दाब थोडा कमी. वेळ कमी असेल तर दोन्ही हात घाईने करण्यापेक्षा एकच पुरा करावा.

घरी स्वतःचं स्वतः करायचं असेल तर पाच मिनिटं पुरेत, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये बसूनही होतं. जत्रेच्या फेरीत मिळणारे काटेरी चेंडू आणि लाकडी रोलर वाईट नाहीत, पण त्यांना दाब कळत नाही. दात ओठ खाऊन रोलर फिरवणारे पुष्कळ बघायला मिळतात. त्यापेक्षा कागदी लिंबू घ्यावं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून ते तळहातांच्या मधे धरावं आणि मनगटाकडच्या जाड भागाने हळूहळू फिरवावं. लिंबू दबतं, त्यामुळे जोर आपोआप मर्यादेत राहतो.

सगळ्यात शेवटी खोबरेल, दोन्ही हातांना मिळून पाच-सहा थेंब. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उत्तर गोव्यात साखळी, वाळपई या गावांकडे ते बाटलीत थिजलेलं असतं, कारण २४ अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. बाटली कोमट पाण्यात उभी करावी. तेल मागच्या बाजूला आणि बोटांच्या गाठींना जिरवायचं. घेणारा डोळे चोळत उठायला बघतो, त्याला दहा मिनिटं बसवून ठेवायचं, पाणी द्यायचं. विषारी द्रव्यं धुऊन जातात वगैरे काही नाही, तहान लागलेली असते एवढंच. बांगड्या खाली घेताना रुमाल आधी सोडायचा. आणि तळहात कोरड्या टॉवेलने, बोटांच्या बेचक्यांसकट, दोनदा पुसून द्यायचे. तेलकट हाताने स्कूटरचा ब्रेक दाबायचा झाला तर तो दाबला जात नाही.